अकरा ‘मी’ आणि एक सही

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कंपनीचे विभागीय प्रमुख माननीय बळवंत सामंत साहेब. प्रमुख पाहुण्या, कुंभवलीच्या धोका-सूचना समितीच्या अध्यक्षा जमनाताई धोडी. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. दिनानाथ पागधरे, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी साखरबाई, चिंचणीहून टेम्पो करून आलेले त्यांचे सगेसोयरे, बोईसर, तारापूर आणि पालघरचे माझे सहकारी, आणि मागच्या दाराने सुरमईचा वास येत असूनही ज्यांनी अजून खुर्ची सोडलेली नाही असे माझे सहनशील श्रोते हो,

मी दीपाली चुरी, आपल्या बोईसर केंद्राच्या नेटवर्क सुरक्षेची प्रमुख, राहणार पालघर. निवेदकांनी माझी ओळख आत्ताच करून दिली, तरी मी ती पुन्हा पूर्ण नावानिशी दिली. सत्कारमूर्ती समोर बसलेले असताना नुसत्या ‘मी’वर भागत नाही, हे मी गेल्या दोन वर्षांत शिकले आहे. कसं शिकले तेच सांगायला उभी आहे.

निरोपाच्या भाषणात काही वाक्यं म्हणावीच लागतात. सत्कारमूर्ती वेळेवर यायचे, हसतमुख होते, त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण होणार. तर पागधरे काका वेळेवर यायचे, हे अगदी खरं. हसतमुख होते का? साखरबाई, तुम्हीच सांगा. त्या मान हलवतायत, पण आडवी हलवतायत. पोकळीचं आपण जेवणानंतर बघू.

कौतुक तर मी करणारच आहे, पण आज माझं इथे एक कामही आहे, आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच धीर सुटायला नको. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी पागधरे काकांच्या सेवापुस्तकात एक शेरा लिहिला. मला तो पाठ आहे. ‘वरिष्ठांच्या सूचनांचे पालन करीत नाहीत. नवीन तंत्रज्ञान समजून घेण्याची तयारी नाही. महत्त्वाच्या कामात अडथळा आणला.’ तीस वर्षांच्या नोकरीतला हा एकमेव शेरा. आज संध्याकाळी साडेपाच वाजता ते सेवापुस्तक बंद होऊन अभिलेख विभागात जाईल, आणि एकदा गेलं की त्यातली एक वेलांटीही कोणाला बदलता येत नाही. आता साडेबारा वाजले आहेत. म्हणजे माझ्याकडे पाच तास आहेत, आणि निवेदकांनी दिलेली दहा मिनिटं.

तर मूळ गोष्टीकडे येते. काका कंपनीत लागले तेव्हा आपलं मोबाइल एक्सचेंज इथे बोईसरलाच होतं. एक मोठी थंडगार खोली आणि तिच्यात माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं. एक कपाट फोन कोणाचा आहे ते ओळखायचं, दुसरं कॉल जोडायचं, तिसरं निरोप पोचवायचं. त्या खोलीच्या दाराची किल्ली काकांकडे. त्याआधी ते वडिलांबरोबर होडीवर जायचे. समुद्र सोडून एसीत आलेला माणूस, सुरुवातीला सहा महिने स्वेटर घालून बसायचा, असं जुने लोक सांगतात.

नोकरीला तीन महिने झाले असतील. दारावर थाप पडली. काकांनी विचारलं, ‘कोण?’ बाहेरून आवाज आला, ‘मी.’ काकांनी दार उघडलं. आपण सगळे उघडतो. आपल्याकडे ‘कोण?’ला ‘मी’ हेच उत्तर आहे, पूर्वापार. बाहेर उभा होता एसी दुरुस्तीवाला. निदान तो तसं म्हणाला. एसी बघितला, मान हलवली, म्हणाला, बिघाड एक्सचेंजच्या बॅटरीत आहे, बॅटऱ्या दुकानावर न्याव्या लागतील. चार बॅटऱ्या टेम्पोत चढल्या. काकांनी उचलायला हातही लावला. तो एसीवाला आजतागायत परत आलेला नाही. एसी मात्र व्यवस्थित चालू होता.

त्या दिवसापासून काकांनी दाराशी एक रजिस्टर ठेवलं. नाव, कुठून आलात, काम काय, कोणी पाठवलं. आणि नुसतं लिहून घ्यायचं नाही, ज्याने पाठवलं त्याला फोन करून विचारायचं. त्यानंतर एक गोष्ट घडली, ती चिंचणीच्या मंडळींना माहीत असेल, पण आमच्या नव्या इंजिनियरांना नाही. लग्नाला वर्ष झालेलं. काका डबा घरी विसरले. साखरबाई चिंचणीहून एसटीने डबा घेऊन आल्या. दार वाजवलं.

‘कोण?’

‘मी.’

‘मी कोण?’

‘साखर.’

‘कुटली साखर? कोनी पाठवली?’

साखरबाई आल्या तशा वळल्या आणि स्टँडवर जाऊन तो डबा स्वतः जेवल्या. तळलेले बोंबील होते. काकांनी त्या दिवशी वडापाव खाल्ला, आणि घरी गेल्यावर पुढे आठवडाभर काय खाल्लं, ते विचारायची माझी हिंमत नाही. नंतर एकदा मी त्यांना म्हटलं, ‘काका, बायकोचा आवाजही ओळखला नाहीत?’ ते म्हणाले, ‘वळखला गो. पन रजिस्टरात आवाज कुटं लिवतात?’

अध्यक्ष महाराज हसले. साहेब, मला आठवतंय, तुम्हीसुद्धा एकदा त्या दारात वीस मिनिटं उभे होतात. तेव्हा तुम्ही हसला नव्हता.

मग काळ बदलला. ती कपाटं भंगारात गेली. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, काय झालं ते. पूर्वी एकेक कपाट एकेक काम करायचं. आता तीच कामं सॉफ्टवेअर करतं, साध्या कॉम्प्युटरवर. फोन ओळखणारा एक प्रोग्राम, कॉल जोडणारा दुसरा, निरोप पोचवणारा तिसरा. कपाट हलवायला चार माणसं लागायची. प्रोग्राम एका मिनिटात बोईसरहून पुण्याला जातो. गणपतीत लोकांचे फोन वाढले की दहाचे चाळीस होतात, विसर्जन झालं की परत दहा. याला आम्ही आभासी नेटवर्क म्हणतो, व्हर्च्युअल. फार हुशारीचं काम आहे, आणि आम्हीही ते फार हुशारीने बोलतो. मी याच्यावर नव्वद स्लाइडचं सादरीकरण केलं होतं. त्यात बाण होते, ढग होते, कुलपांची चित्रं तर पोत्याने होती. शेवटी मी विचारलं, काही शंका? मागून पागधरे काकांनी हात वर केला.

‘दार कुटाय?’

सभागृहात हशा पिकला. सर्वांत मोठ्याने मी हसले. मी समजावलं, काका, आता दार नाही, खोलीच नाही तर दार कुठून येणार. ते म्हणाले, ‘बरां. मंग ह्यो एक दुसऱ्याला म्हनतो, मी अमका हाय, मला आत घे. तर दुसरा कसा मानतो?’

आता खरं सांगायचं, तर त्या नव्वद स्लाइडमध्ये विचारण्यासारखा प्रश्न एवढाच होता. जगभरात या विषयावर मोठमोठ्या परिषदा होतात त्यांतही हाच प्रश्न असतो, फक्त तो विचारायला लोक विमानाने जातात. जुन्या नेटवर्कमध्ये कपाट खोलीत आहे म्हणजे ते आपलंच, असं धरून चालायचं, कारण दाराशी काका होते. नव्यात कोण कुठून बोलतंय ते दिसत नाही. म्हणून नियम असा की, आतला असो वा बाहेरचा, कोणालाच आपोआप आपला मानायचं नाही. प्रत्येक प्रोग्रामला एक सर्टिफिकेट द्यायचं. दुसऱ्याशी बोलण्याआधी ते दाखवायचं. समोरच्याने ते कोणी दिलं, खरं आहे का, मुदत संपली का, हे तपासायचं, मगच बोलायचं. दर वेळी. काल बोललो होतो, ही सबब चालत नाही.

हे ऐकून काका म्हणाले, ‘हा तर माजाच रजिस्टर.’ आणि खाली बसले. मला थोडा राग आला. माझ्या नव्वद स्लाइड त्यांनी चार शब्दांत संपवल्या होत्या.

दार गेल्यावर काकांना कुठे ठेवायचं हा प्रश्नच होता. किल्ल्यांचा जुडगा होता, पण कुलपं नव्हती. शेवटी त्यांना माझ्या विभागात साक्षीदार म्हणून पाठवलं. ही सर्टिफिकेटं ज्या मुख्य किल्लीने प्रमाणित होतात, ती एका बंद खोलीत, साक्षीदारांसमोर तयार करतात. कागदावर एकेक पायरी लिहिलेली असते. ती मोठ्याने वाचायची, करायची, साक्षीदाराने बघायची, मग त्याने समोर सही करायची. आम्ही इंजिनियर याला ‘की सेरेमनी’, म्हणजे किल्लीचा विधी, म्हणतो. काकांनी त्याचं नाव ठेवलं किल्लीचं लगीन. मुहूर्त असतो, साक्षीदार असतात, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत कोणी जेवायला उठायचं नाही, म्हणून. आता आमच्या विभागात सगळे तेच म्हणतात. परवा हैदराबादच्या एका पाहुण्याने मला विचारलं की, मॅडम, अगली शादी कब है? मी म्हटलं, मंगळवारी.

काका रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ‘तुम्हाला काही करायचं नाही काका, फक्त सही करायची.’ श्रोते हो, आयुष्यात माझ्या तोंडून बरीच मूर्ख वाक्यं गेली आहेत, पण इतकं मूर्ख दुसरं नसेल.

आता फेब्रुवारीची गोष्ट. तारापूरच्या कारखान्यांसाठी आणि आसपासच्या गावांसाठी आपण नवीन नेटवर्क उभारलं. त्यात एक सोय होती, तिचं महत्त्व जमनाताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. कुठल्या कारखान्यात वायू गळला, की तिथलं यंत्र आपल्या नेटवर्कला सांगणार, आणि आपलं नेटवर्क त्याच क्षणी कुंभवलीचा भोंगा वाजवणार आणि घराघरातल्या फोनवर निरोप पाठवणार, की बाहेर पडा आणि अमुक दिशेला जा. शुक्रवारी उद्घाटन होतं. चारशे पाहुणे बोलावले होते, मांडव घातला होता. फीत जमनाताईंच्या हस्ते कापायची होती. बुधवारी सकाळी किल्लीचं लगीन.

माझा सहकारी कमलेश वाचत होता, काका कागदावर बोट ठेवून ऐकत होते. सतराव्या पायरीवर आलो. ‘अकराही प्रोग्रामांची सर्टिफिकेटं वेगवेगळी आहेत, हे क्रमांक वाचून पडताळावे.’ कमलेशने पहिला क्रमांक वाचला. मोठा असतो तो, आकडे आणि अक्षरं मिळून चाळीस. दुसरा वाचला. तिसऱ्याला काका म्हणाले, ‘परत वाच.’ वाचला. ‘आता पयला वाच.’ वाचला. काका म्हणाले, ‘तोच हाय.’

कमलेश म्हणाला, तसं वाटतं काका, लांबलचक आकडे ऐकून. काकांनी पेन्सिल काढली आणि लिहून घेतले. अकराच्या अकरा एकच. मग त्यांनी विचारलं, ‘वर नाव काय हाय?’ कमलेशने पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी वाकून बघितलं. सर्टिफिकेट कोणाचं, या रकान्यात लिहिलं होतं ‘मी’. कोणी दिलं, या रकान्यात लिहिलं होतं ‘मी’.

झालं होतं असं की, चाचणीच्या दिवसांत कॉम्प्युटरने कमलेशला नाव विचारलं, आणि कमलेश आपल्यातलाच, पालघरचा. विचारलं कोण, याने टाइप केलं ‘मी’. चाचणीपुरतं म्हणून. मग त्याच साच्यातून पुढची दहा सर्टिफिकेटं काढली. आता एकाच नेटवर्कमध्ये अकरा जण एकमेकांना विचारतायत ‘कोण?’, आणि एकमेकांना सांगतायत ‘मी’, आणि सगळे खूश होऊन दार उघडतायत. बाहेरच्या कोणीही तो एक कागद मिळवून ‘मी’ म्हटलं असतं, तर त्यालाही आत घेतलं असतं. आणि हे सगळं कोणासमोर उघड व्हावं? ज्याने ‘मी’ म्हटलं म्हणून लग्नाच्या बायकोला डब्यासकट परत पाठवलं, त्याच्यासमोर.

आज आपण हसतोय. मी तेव्हा हसले नाही. परवा उद्घाटन, अकरा नवीन सर्टिफिकेटं करून सगळं परत तपासायला आठ-दहा दिवस लागणार. मी काकांना म्हटलं, ‘हे चाचणीचं आहे, शुक्रवार होऊन जाऊ द्या, सोमवारी आम्ही बदलतो. तुम्ही सही करा.’

‘कागदावर लिवलंय येगयेगले हायेत. मला दिसतो एक. सही कशाची करू?’

दोन तास मी त्यांची समजूत घातली. सामंत साहेबांचा दोनदा फोन आला, साहेब तेव्हा मांडवाखालीच होते. शेवटी मी जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, ‘काका, माझ्यावर विश्वास नाही तुमचा?’

ते शांतपणे म्हणाले, ‘तुज्यावर हाय गो बाय. पन सही इस्वासाची नसते. सही बगितल्याची असते.’

आणि पेनाला टोपण लावलं. उद्घाटन नऊ दिवस पुढे गेलं. त्या संध्याकाळी, रागाच्या भरात, मी तो शेरा लिहिला. नियमाप्रमाणे शेरा कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो आणि ‘वाचला’ म्हणून त्याची सही घ्यावी लागते. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही वाक्यं सावकाश वाचली आणि लगेच सही केली. वाचलं होतं, म्हणून केली.

शुक्रवारी चारशे लोकांना फोन करून येऊ नका सांगितलं, आणि ज्या एका बाईच्या हस्ते फीत कापायची, तिला सांगायचं राहून गेलं. जमनाताई नवीन लुगडं नेसून, शेजारणीला घेऊन रिकाम्या मांडवात हजर. मी लपले. अगदी खरं सांगते, मी जनरेटरच्या मागे जाऊन उभी राहिले. काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, ताई आता चिडणार. ताई म्हणाल्या, ‘बरा केलास दादा. खोटा भोंगा झाला तं एकदा लोका पळतील. दुसऱ्यांदा खरा झाला, तं कोन पळल?’ जनरेटरमागून मी हे ऐकलं. मला वाटतं, मोबाइल नेटवर्कच्या सुरक्षेवर मी ऐकलेलं ते सगळ्यात लहान आणि सगळ्यात पूर्ण व्याख्यान होतं.

नऊ दिवसांत आम्ही अकरा जणांची अकरा वेगळी सर्टिफिकेटं केली. काकांनी सतरावी पायरी दोनदा वाचून घेतली आणि सही केली. ताईंनी फीत कापली, नेटवर्क सुरू झालं. आता पुढचं ऐका, हे मी आजपर्यंत फार थोड्यांना सांगितलं आहे. सामंत साहेब, तुम्ही त्या थोड्यांत नाही. पाणी प्या हवं तर.

उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, आपल्या नेटवर्कवर कोणीतरी थाप मारली. नेटवर्कने विचारलं कोण, उत्तर आलं ‘मी’. नेटवर्कने आत घेतलं नाही. परत थाप, परत ‘मी’. अशा दोनशे चौदा थापा पडल्या. आमची धावपळ उडाली, हल्ला झाला म्हणून. कुठला देश, कुठली टोळी, यावर पैजा लागल्या. संध्याकाळपर्यंत शोध घेत घेत कमलेश माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘मॅडम, जरा पाय बाजूला घ्या.’

माझ्या टेबलाखाली चाचणीचा जुना कॉम्प्युटर होता. मी त्याच्यावर रोज पाय ठेवून बसायचे. तो बंद करायचा राहून गेला होता. त्याच्यात जुनं सर्टिफिकेट होतं, ‘मी’चं. आणि चाचणीसाठी मीच त्याला शिकवून ठेवलं होतं की, त्या तारखेला दुपारी तीनला एक निरोप पाठवायचा: ‘वायुगळती झाली आहे. घर सोडा, उत्तरेकडे चला.’ पोचला नाही तर परत पाठवायचा.

बुधवारी काकांनी माझं ऐकलं असतं आणि सोमवारी सर्टिफिकेटं बदलायचं आम्ही नेहमीप्रमाणे विसरलो असतो, तर त्या दुपारी कुंभवलीचा भोंगा वाजला असता. पोरं शाळेत, माणसं पाळीवर, म्हाताऱ्या घरात एकट्या. माझ्या पायाखालच्या डब्याने सगळं गाव उठवून उन्हात पळवलं असतं. त्यात कोण पडलं असतं, कोण कोणाला शोधत फिरलं असतं, याचा मी अजून विचार करते. ताई, मी तुम्हाला नंतर विचारलं होतं, त्या दुपारी गावात काय चाललं होतं. तुम्ही म्हणालात, काय नाय, मिरच्या वाळत घातल्या होत्या.

त्या नेटवर्कला पुढे पुरस्कार मिळाला. तो मी घेतला. त्याचा फोटो बाहेर जिन्यात लावला आहे, येताना बघितला असेल, त्यात मी फार प्रसन्न दिसते. त्याच वर्षी उत्कृष्ट सेवेच्या सन्मानासाठी नावं गेली. सेवापुस्तकात शेरा असेल तर कॉम्प्युटर ते नाव आपोआप गाळतो. पागधरे काकांचं नाव गळलं. मला कळलं होतं. शेरा रद्द करायचा एक अर्ज असतो, त्यात कारण लिहावं लागतं, आणि कारण मी होते. आज लिहू, उद्या लिहू करत वर्ष गेलं. काका रोज समोर बसायचे. एकदाही त्यांनी विषय काढला नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण तेवढी मदत त्यांनी केली नाही.

तर हा तो अर्ज. माझी सही झाली आहे. सामंत साहेब, एक तुमची लागते. तो मंजूर झाला की शेऱ्याचं पान पुस्तकातून काढता येतं. आज जेवणाआधी तुम्हाला गाठायचं म्हणून मी भाषण मागून घेतलं, यात माझा दुसरा काही मोठेपणा नाही. घ्या साहेब, पेन माझं घ्या. वाचताय? वाचा ना, आज या सभागृहात न वाचता सही करायची कोणाची छाती आहे.

काय काका? बसा हो, तुमचं भाषण नंतर आहे. नाही? बरं, बोला. माइक द्या कोणीतरी त्यांना. माइक नको म्हणतात.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून ते जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगते. ते म्हणाले, ‘बाय, पान काडू नको. रजिस्टरातला पान कोन काडीत नाय. त्या दिवशी मी नाय म्हनलो, ता फकत तितंच लिवलंय. पान गेला तर माजा “नाय” पन गेला.’

साहेब, जरा थांबा, सही करू नका.

माफ करा. मी या खात्याची प्रमुख आहे. नोंद कधी खोडायची नसते, तिच्याखाली नवी नोंद करायची असते, हे मी दर महिन्याला नव्या मुलांना शिकवते. स्लाइड क्रमांक बासष्ट. आणि आज मी स्वतःच खोडायला निघाले होते. साहेब, तो अर्ज परत द्या. सेवापुस्तक मी बरोबर आणलं आहे. इथे उभी राहून लिहिते, आणि लिहिताना मोठ्याने वाचते.

‘वरील शेरा मी लिहिला. त्या दिवशी श्री. दिनानाथ पागधरे यांनी जे दिसलं नाही त्यावर सही करायला नकार दिला. त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. त्यांच्या नकारामुळे कुंभवली गावात एका दुपारी काहीही घडलं नाही. हे लिहायला मी एक वर्ष उशीर केला. दीपाली चुरी.’ आजची तारीख. वेळ, बारा पंचावन्न.

साहेब, ‘लिहिताना पाहिलं’ म्हणून खाली तुमची सही. झाली. काका, आता तुमची, ‘वाचला’ म्हणून. सावकाश वाचा. जेवण थांबेल.

त्यांचं वाचन चालू आहे तोवर आभार मानून घेते. सामंत साहेबांनी अध्यक्षपद भूषवलं आणि अचानक पुढे केलेल्या दोन कागदांमुळे ते रागावले नाहीत, याबद्दल त्यांची ऋणी आहे. जमनाताई गावचं काम टाकून आल्या, साखरबाईंनी आपली गोष्ट चारचौघांत सांगू दिली, कमलेशने आपल्या ‘मी’वर सगळ्यांना हसू दिलं, तुम्ही सर्वांनी दहाची पंचवीस मिनिटं होऊ दिली. सगळ्यांचे मनापासून आभार.

भाषणाच्या शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं की, बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर पोटात घालावं. बोलण्यातलं तुम्ही सगळे घालालच, तेवढी जागा अजून पोटात आहे. माझी चूक लिहिण्यातली होती, आणि ती पोटात घालू नका. ती त्या पानावर तशीच राहू द्या, माझ्या नावासकट, कोणीही उघडून वाचावी अशी.

काकांनी सही केली आहे. काका, मला क्षमा करा.